सहा हजारांपैकी बहुतेक जनुकांतले कोणतेही एक काढून टाकले तरी यीस्ट जगते. मग ती जनुके कशासाठी आहेत?

कृष्णाकाठचा मास्तर

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. जनुकांचा भाग शिकवताना मी दरवर्षी पाव फुगवणाऱ्या यीस्टचे, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीचे, उदाहरण देतो, कारण ज्यांच्या पेशीत केंद्रक असते अशा सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकसंच सर्वांत आधी वाचला गेला तो हाच. १९९६ साली पूर्ण झालेल्या त्या कामात सुमारे सहाशे शास्त्रज्ञ सहभागी होते, आणि १६ गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख आधारजोड्या व जवळपास ६००० जनुके हे त्यातून निघालेले आकडे माझ्या मुलांना पाठ असतात.

यंदा एका विद्यार्थिनीने मला अडवले. तिने कोठेतरी वाचले होते की, संशोधकांनी यीस्टमधील प्रत्येक जनुक एकेक करून काढून पाहिले, तेव्हा फक्त ११०० च्या आसपास जनुके अशी निघाली की ज्यांच्याशिवाय पेशी मरते. बाकीच्यांपैकी कोणतेही एक काढले तरी तिचे चालते. तिचा प्रश्न असा होता की, ‘सर, मग उरलेली जनुके काय शोभेला ठेवली आहेत?’ मी ‘एकाचे काम दुसरे सांभाळून घेते’ असे काहीसे उत्तर देऊन पुढच्या आकृतीकडे वळलो, परंतु त्या उत्तराने माझेच समाधान झालेले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. हे ‘चालते’ म्हणजे नेमके काय, आणि ते कोणी, कसे मोजले? आणि ज्या जीवाला आपल्या बहुतेक जनुकांवाचून काही अडत नाही, त्यातील एखादे जनुक काढून सुमारे वीस हजार जनुके असलेल्या माणसाविषयी काय कळणार? भाषा सोपी असेल तर बरेच, पण सोपेपणापायी मुद्दा पातळ करू नये, ही विनंती.

अगारप्लेट

मास्तर, ‘चालते’ या शब्दातच सगळी गोम आहे. मी यीस्टवरच पीएच.डी. करते आहे आणि तुमची विद्यार्थिनी ज्याविषयी बोलत होती तो, एकेक जनुक काढलेल्या वाणांचा संच रोज हाताळते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी तो संच कसा तयार झाला ते सांगते. यीस्टमध्ये एक सोय आहे, जी माणसाच्या पेशीत इतक्या सहज मिळत नाही: एखाद्या जनुकाच्या दोन्ही टोकांशी जुळणारी चाळीस-पंचेचाळीस अक्षरे जोडलेला डीएनएचा तुकडा पेशीत सोडला, तर पेशी स्वतःच मूळ जनुक काढून त्या जागी तो तुकडा बसवते. या तुकड्यात जेनेटिसिन नावाच्या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक ठेवायचे, म्हणजे ते औषध घातलेल्या थाळीवर ज्या पेशी वाढतील त्यांच्यात अदलाबदल झाली असे समजते. ही युक्ती अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून जवळजवळ प्रत्येक जनुकावर वापरली. १९९९ मध्ये पहिला टप्पा प्रसिद्ध झाला आणि २००२ पर्यंत ज्ञात जनुकांपैकी ९६ टक्के जनुकांचे ‘वजा एक’ वाण हाती आले.

एखादे जनुक अत्यावश्यक आहे की नाही हे ठरवण्याची रीत तर तुम्ही वर्गात मेंडेलच्या धड्यातच सांगू शकाल. ज्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात तिच्यातील एका प्रतीतून जनुक काढायचे, मग त्या पेशीला उपासमारीत ठेवून बीजाणू तयार करायला लावायचे. एका पिशवीत चार बीजाणू येतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने अलग करून थाळीवर ओळीने ठेवले की, जनुक अत्यावश्यक असल्यास प्रत्येक चौकडीतील दोन वाढतात आणि दोन वाढत नाहीत. ओळीमागून ओळ दोनास दोन अशीच दिसत जाते, आणि ते दृश्य पाहायला मला अजूनही आवडते.

आता ‘चालते’ कोठे, ते पाहू. हे सगळे प्रयोग ज्या माध्यमावर झाले त्यात यीस्टचा अर्क, पेप्टोन आणि भरपूर ग्लुकोज असते, तापमान ३० अंश सेल्सियस असते आणि पेशी दीड तासात दुप्पट होतात. मामाच्या घरी सुट्टीला आलेल्या भाच्याला स्वयंपाक येतो की नाही हे तेथे कधीच कळत नाही, कारण ताट समोर येतेच. त्याचप्रमाणे आर्जिनीन किंवा ट्रिप्टोफॅन तयार करणारी जनुके काढलेली पेशी या माध्यमावर आरामात वाढते, कारण ती अमिनो आम्ले तिला आयती मिळत असतात. तीच पेशी फक्त साखर आणि क्षार असलेल्या माध्यमावर ठेवा, ती जागची हलणार नाही.

म्हणून पुढचा प्रश्न असा पडला की, परिस्थिती बदलत गेलो तर किती जनुकांची गरज उघडी पडेल. येथे त्या संचातील सर्वांत हुशार भाग कामी येतो. प्रत्येक वाणात, काढलेल्या जनुकाच्या जागी, वीस अक्षरांच्या दोन खुणा बसवलेल्या आहेत आणि त्या प्रत्येक वाणाच्या वेगळ्या आहेत. दुकानातील मालावरच्या पट्ट्यांप्रमाणे त्यांना बारकोडच म्हणतात. हजारो वाण एकाच चंबूत मिसळायचे, त्यात मीठ, आम्ल, एखादे औषध, जे तपासायचे ते घालायचे, आणि काही पिढ्यांनंतर कोणत्या खुणा कमी झाल्या ते मोजायचे. थोडक्यात, एका चंबूत पाच हजार विद्यार्थी आणि एकदम घेतलेली हजेरी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा हजाराहून अधिक परिस्थिती व रसायने वापरून पाहिली, तेव्हा ९७ टक्के जनुकांच्या बाबतीत कोठे ना कोठे वाढीवर मोजता येण्याजोगा परिणाम आढळला. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीला सांगता येईल की शोभेची जनुके फारशी उरलीच नाहीत. ज्या दिवशी त्यांची गरज पडते तो दिवस आपण थाळीवर उगवू दिला नव्हता, एवढेच.

एक सावधगिरीची सूचनाही देते, कारण या संचावर आंधळा विश्वास ठेवून मी स्वतः चार महिने घालवले आहेत. एक वाण मिठाच्या माध्यमावर मंद वाढत होता आणि त्यावरून मी त्या जनुकाला क्षारसहनाचे काम बहाल करून टाकले होते. नंतर त्याचा मूळ वाणाशी संकर करून चौकड्या तपासल्या, तेव्हा मंदपणा एका बाजूला आणि काढलेले जनुक दुसऱ्या बाजूला गेले, म्हणजे मंदपणा त्या जनुकामुळे नव्हताच. त्या पेशीत एक आख्खे गुणसूत्र जादा होते. असे वाण संचात बरेच आहेत, हे २००० सालीच दाखवून दिले गेले होते. तेव्हा तपासलेल्या वाणांपैकी सुमारे ८ टक्के वाणांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली निघाली होती. जनुक गमावलेली पेशी कधीकधी असा काहीतरी मार्ग काढून आपले नुकसान भरून घेते, आणि ती भरपाई आपण भोळेपणाने जनुकाच्या खात्यावर मांडतो.

निवृत्त सूक्ष्मजीवतज्ज्ञ

वरील उत्तर परिस्थितीच्या बाजूने उत्तम आहे. परंतु मास्तरांनी वर्गात दिलेले ‘एकाचे काम दुसरे सांभाळून घेते’ हे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते, आणि त्यामागे एक जुनी कथा आहे, ती सांगितली पाहिजे.

१९९७ साली डब्लिनच्या केनेथ वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी यीस्टचा नुकताच वाचलेला जनुकसंच स्वतःशीच ताडून पाहिला. त्यांना असे दिसले की, गुणसूत्रांचे मोठमोठे पट्टे दुसऱ्या कोणत्या तरी गुणसूत्रावर त्याच क्रमाने, पण विरळ होऊन, पुन्हा आलेले आहेत. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी या यीस्टच्या पूर्वजात संपूर्ण जनुकसंच एकदम दुप्पट झाला आणि नंतर जादा प्रतींपैकी बहुतेक हळूहळू गळून गेल्या. तरीही पाचशेच्या आसपास जोड्या आजही शाबूत आहेत. अशा जोडीतील एक काढली तर दुसरी भार उचलते आणि आपल्याला काहीच घडले नाही असे वाटते.

याचे एक उदाहरण घरोघरच्या औषधांच्या डबीशी जोडता येईल. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी डॉक्टर ज्या स्टॅटिन गोळ्या देतात, त्या एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराला अडवतात. यीस्टमध्ये हे विकर बनवणारी दोन जनुके आहेत, एचएमजी१ आणि एचएमजी२. कोणतेही एक काढा, पेशी जगते. दोन्ही काढा, मरते. आणि दोन्ही काढलेल्या पेशीत माणसाचे तेच जनुक घातले तर ती पुन्हा जगते, हे १९८८ मध्येच सिद्ध झाले आहे. मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका प्रयोगात आहे, असे मी म्हणेन.

मात्र जुळी जनुके हा या कोड्याचा एक भागच झाला. ज्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही अशी दोन जनुकेही एकमेकांची पाठराखण करतात, कारण पेशीत एका मुक्कामाला पोहोचण्याचे दोन रस्ते असतात आणि एक बंद पडला तरी वाहतूक दुसऱ्याने जाते. हे तपासण्यासाठी टोरांटोच्या चार्ल्स बून आणि ब्रेंडा अँड्र्यूज यांच्या गटाने यंत्रमानवांच्या साहाय्याने जनुके दोन-दोन करून काढायला सुरुवात केली. २०१६ साली त्यांनी २ कोटी ३० लाखांहून अधिक जोड्यांचा हिशेब मांडला. त्यात सुमारे साडेपाच लाख जोड्या अशा निघाल्या की दोन्ही जनुके गेल्यावर पेशीची अवस्था अपेक्षेपेक्षा वाईट होते, आणि साडेतीन लाख अशा की अपेक्षेपेक्षा बरी होते. एकेकटी निरुपद्रवी वाटणारी जनुके जोडीने गेली की त्यांचे खरे काम कळते.

यातूनच कर्करोगाच्या औषधांची एक दिशा मिळाली. पेशीचक्रावरील यीस्टमधील कामासाठी पुढे २००१ चे नोबेल मिळालेले लेलंड हार्टवेल यांनी १९९७ मध्येच सुचवले होते की, कर्करोगाच्या पेशीत एक जनुक आधीच बिघडलेले असते, तेव्हा त्याचा पाठीराखा औषधाने बंद करावा, म्हणजे रोगट पेशी मरेल आणि निरोगी वाचेल. डीएनएची दुरुस्ती करणारी बीआरसीए जनुके बिघडलेल्या अंडाशयाच्या कर्करोगावर २०१४ पासून अमेरिकेत मान्यता असलेले ओलापॅरिब हे पार्प या डीएनए-दुरुस्तीच्याच दुसऱ्या विकराला अडवणारे औषध याच तत्त्वावर चालते. यीस्टने माणसाला काय दिले, असे कोणी विचारले की मी हेच उदाहरण देतो.

शंकासूर

निवृत्त सरांच्या शेवटच्या उदाहरणाला थोडी पुरवणी जोडतो, कारण मास्तर ते उद्या वर्गात सांगतील. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये पार्प हे विकरच नाही. त्यामुळे पार्प आणि बीआरसीए ही जोडी यीस्टच्या थाळीवर सापडली असा समज होऊ नये. २००५ साली ती सस्तन प्राण्यांच्या पेशींवर दाखवली गेली. आणि दोन निरुपद्रवी दोष एकत्र आल्यास मृत्यू येतो ही कल्पना त्याहून जुनी, फळमाशीवर काम करणाऱ्या कॅल्विन ब्रिजेस यांच्या १९२२ च्या निरीक्षणापर्यंत मागे जाते. यीस्टने ती कल्पना पद्धतशीरपणे, लाखो जोड्यांवर तपासता येते हे दाखवले. एवढे श्रेयही लहान नाही.

दुसरे असे की, ‘सुमारे ११०० अत्यावश्यक जनुके’ हा आकडा सर्व यीस्टचा नव्हे, तो एका प्रयोगशाळीय घराण्याचा आहे. या घराण्याचा बहुतांश वारसा १९३८ साली कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे एका सडक्या अंजिरावरून मिळवलेल्या यीस्टकडे जातो. २०१० साली त्याच्या एका निकटच्या भाऊबंदावर हाच ‘वजा एक’ प्रयोग केला, तेव्हा ४४ जनुके फक्त या नव्या वाणात अत्यावश्यक ठरली आणि १३ फक्त जुन्यात. एकाच जातीच्या दोन भाऊबंदांत जर एवढे अंतर पडते, तर एकच उत्परिवर्तन एका रुग्णाला अंथरुणाला खिळवते आणि त्याच्याच भावाला ते जाणवतही नाही, याचे नवल वाटायला नको.

कृष्णाकाठचा मास्तर

तिघांचेही आभार. हजेरीचे आणि मामाच्या घराचे उदाहरण मी उचलणार आहे. बारकोडचा भाग मी आजच वर्गात सांगितला आणि लगेच पुढचा प्रश्न आला. मूळ प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे म्हणणे असे की, एक जनुक काढून नुकसान होते आणि दोन काढून जास्त नुकसान होते हे समजले. पण निवृत्त सरांनी लिहिलेल्या त्या साडेतीन लाख जोड्यांत दोन जनुके गेल्यावर पेशी ‘बरी’ कशी होते? हे मला उदाहरणाशिवाय समजावता आले नाही. शक्य असल्यास ते उदाहरण माणसाच्या एखाद्या आजाराशी संबंधित असावे.

गोडवा

या प्रश्नासाठी गॅलॅक्टोजच्या जनुकांसारखे उदाहरण नाही. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत यीस्टमधील या जनुकांवर अनेक वर्षे काम झाले आहे, आणि त्यांचा माणसाशी असलेला संबंध दुधाच्या पेल्याइतका जवळचा आहे.

दुधातील साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, विघटन झाले की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळतात. गॅलॅक्टोज वापरण्यासाठी यीस्टची पेशी आणि आपली पेशी जवळजवळ एकाच पायऱ्यांनी जातात. पहिल्या पायरीवर गॅल१ या जनुकाचे विकर गॅलॅक्टोजला फॉस्फेट जोडते. दुसऱ्या पायरीवर गॅल७ चे विकर त्या फॉस्फेटयुक्त गॅलॅक्टोजला पुढे पाठवते. पेशीला फक्त ग्लुकोज दिले तर ही दोन्ही जनुके बिनकामाची ठरतात आणि त्यांपैकी कोणतेही काढले तरी काही बिघडत नाही. मूळ प्रश्नातील ‘शोभेच्या’ जनुकांत ही दोघेही मोडतात.

आता गॅल७ काढलेली पेशी घ्या आणि तिला ग्लिसरॉलवर वाढवा. ती ठीक वाढते. त्याच माध्यमात गॅलॅक्टोज घाला, आणि खायला ग्लिसरॉल असूनही तिची वाढ थांबते. कारण उपासमार हे नसून विषबाधा हे आहे: पहिली पायरी चालू आहे, दुसरी बंद आहे, म्हणून मधल्या टप्प्यावरील फॉस्फेटयुक्त गॅलॅक्टोज साचत जाते आणि पेशीला घातक ठरते. एखाद्या कारखान्यात एक यंत्र बंद पडावे आणि आधीच्या यंत्राने मात्र माल टाकतच राहावे, तसा हा प्रकार आहे. मग याच पेशीतून गॅल१ सुद्धा काढले तर? आधीचे यंत्रही थांबते, काही साचत नाही, आणि दोन जनुके गमावलेली ही पेशी एक गमावलेल्या पेशीपेक्षा चांगली वाढते. ‘बरी’ होणारी जोडी ती हीच.

माणसात गॅल७ च्या जोडीचे जनुक दोन्ही प्रतींत निकामी असेल तर क्लासिक गॅलॅक्टोसेमिया होतो. अशा नवजात बाळाला आईचे दूधही बाधते. कावीळ, यकृताचा बिघाड, जंतुसंसर्ग असे सगळे पहिल्या काही दिवसांतच दिसू लागते आणि दूध तातडीने बंद करावे लागते. गॅल१ च्या जोडीचे जनुक निकामी असलेल्या बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, पण वर सांगितलेली जीवघेणी अवस्था सहसा येत नाही. म्हणजे थाळीवर जो फरक दिसतो तोच फरक पाळण्यातही दिसतो. म्हणूनच या आजारावर उपाय शोधणारे काही संशोधक पहिल्या पायरीचे विकर मुद्दाम मंद करणारी रसायने शोधत आहेत. आहार कडक पाळूनही अनेक रुग्णांना पुढे बोलण्याच्या आणि शिकण्याच्या अडचणी येतात, आणि मुलींच्या अंडाशयांचे कार्य कमी होते. हे कशामुळे होते हे यीस्ट सांगू शकत नाही, कारण त्याला मेंदूही नाही आणि अंडाशयही नाही. तेवढी मर्यादा वर्गात स्पष्टपणे सांगावी.

यीस्टमधील जनुक माणसाच्या जनुकाने बदलता येते का, हे मोठ्या प्रमाणावर तपासले गेले ते २०१५ मध्ये, टेक्सासच्या ऑस्टिन येथील विद्यापीठात. तेथील गटाने ४१४ अत्यावश्यक यीस्ट जनुकांच्या जागी त्यांची मानवी जोडीदार जनुके ठेवून पाहिली, आणि जवळपास निम्म्या प्रकरणांत पेशी जगली. यात गमतीची गोष्ट अशी की, दोन जनुकांच्या अक्षरांत किती साम्य आहे यावरून निकालाचा फारसा अंदाज येत नव्हता. जनुक कोणत्या कामाच्या साखळीतील आहे यावरून येत होता. स्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतील जनुके जवळजवळ सगळी बदलता आली, तर डीएनएची प्रत काढण्याची सुरुवात करणारी बदलता आली नाहीत.

शेवटी ‘शोभेच्या’ मुद्द्यावर एक पुरावा राहिला. पेशीला एखादे जनुक खरोखरच कधीही लागत नसेल, तर ते फार काळ शाबूत राहत नाही. त्यात चुका साचत जातात आणि त्या दुरुस्त होण्याचे काही कारण उरत नाही. आपल्या यीस्टचा एक जपानी नातेवाईक आहे, सॅकरोमायसीस कुद्रियावझेवी. २००४ मध्ये असे दिसून आले की, त्याच्या जनुकसंचात गॅलॅक्टोजची सातही जनुके आपापल्या जागी आहेत, पण सगळी मोडकळीला आलेली, ओसाड वाड्यासारखी. त्याचा त्या साखरेशी संबंध कधीतरी तुटला असावा. पावाच्या यीस्टमध्ये मात्र ती धडधाकट आहेत, म्हणजे थाळीबाहेरच्या आयुष्यात ती अधूनमधून वापरली जात आहेत.

वर्गात काही करून दाखवायचे असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहाकडून शुद्ध यीस्ट मागवता येते. वाण्याकडच्या पावाच्या यीस्टवरही एक साधा प्रयोग होतो: ग्लुकोजमध्ये रात्रभर वाढवलेले यीस्ट धुऊन सारखे दोन भाग करा, एक पुन्हा ग्लुकोजमध्ये आणि एक गॅलॅक्टोजमध्ये ठेवा, आणि दोन्हींवर फुगा लावून वायू केव्हा येऊ लागतो त्याची वेळ मुलांना लिहून ठेवायला सांगा. गॅलॅक्टोजचा फुगा उशिरा फुगू लागेल, कारण ग्लुकोजमध्ये असताना ही जनुके मिटून ठेवलेली असतात आणि ती उघडून विकरे तयार व्हायला पेशीला वेळ लागतो. मात्र दोन्ही बाटल्यांचे तापमान सारखे ठेवा, नाहीतर मुले त्यावरच पहिले बोट ठेवतील.